वाइड बेल्ट घ्यायचा की ड्रम सँडर? खान्देशातल्या फर्निचर शेडसाठी

सँडर म्हणजे लाकूड सँडपेपरने घासून गुळगुळीत करणारं मशीन. ड्रम सँडरमध्ये फिरत्या नळकांड्यावर पेपर गुंडाळलेला असतो, वाइड बेल्टमध्ये रोलरवर फिरणारा पेपरचा रुंद पट्टा असतो. मशीनचा कॅटलॉग उघडण्याआधी कागदावर एक दरवाजा मांडा. सात फूट बाय तीन फूट, सागवानी, दोन्ही बाजूंनी फिनिशिंग. बाजारात लहान शेडसाठी सगळ्यात जास्त दाखवला जातो तो १६ इंची ड्रम सँडर. त्याचं एक टोक उघडं असतं, म्हणून फळी फिरवून दोन फेऱ्यांत ३२ इंचापर्यंतचा पन्हा (रुंदी) निघतो. तुमचं शटर, म्हणजे दरवाज्याची फळी, ३६ इंचाचं आहे, म्हणजे ते या मशीनमध्ये बसतच नाही. कपाटाची दारं, देवघर, टीपॉय, पाट, चौरंग एवढंच काम असेल तर १६ इंची चालतो. दरवाज्यांचं काम असेल तर २२ इंची ड्रम, म्हणजे फिरवून ४४ इंच, हे कमीत कमी धरा.

आता वेळ. ड्रम सँडरचा फीड, म्हणजे फळी आत सरकण्याचा वेग, मिनिटाला २ मीटर धरला तर सात फुटी शटरच्या एका फेरीला ६४ सेकंद लागतात. पन्हा दोनदा घालायचा, खोली दोन फेऱ्यांत काढायची, म्हणजे पेपरच्या एका नंबरला (नंबर वाढला की दाणा बारीक) एका बाजूचे सव्वाचार मिनिटं. ८०, १२०, १५० असे तीन नंबर आणि दोन बाजू धरल्या तर एका शटरला २५-२६ मिनिटं नुसता फीड. पेपर बदलणं, उचलणं, फिरवणं वेगळं. दहा शटरना सव्वाचार तास.

एका हेडच्या (बेल्ट फळीवर दाबणाऱ्या भागाच्या) वाइड बेल्टवर फीड मिनिटाला ८ मीटर धरला तर तीच फेरी १६ सेकंदांत होते आणि पूर्ण पन्हा एकदम निघतो. दोन फेऱ्या, तीन नंबर, दोन बाजू: सव्वातीन मिनिटं. दहा शटर अर्ध्या तासात. उचलाउचल आणि बेल्ट बदल धरून दीड तास.

आमच्या मते निवड इथेच निम्मी होते. दिवसाला चार-पाच शटर किंवा तेवढ्याच क्षेत्रफळाचं काम असेल तर चांगला ड्रम सँडर पुरतो आणि परवडतो. रोज दहाच्या वर जात असेल, किंवा विनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) लावलेल्या प्लायचं काम असेल, तर ड्रम सँडरवर पैसे घालू नका. थांबा, पैसे साठवा आणि वाइड बेल्टच घ्या. मोठा ड्रम घेऊन वर्षभरात तो विकायला काढणं हा सगळ्यात महागडा मार्ग आहे.

एक गैरसमज मात्र दोन्ही मशीनबद्दल आहे. सँडर म्हणजे थिकनेसर (फळी एकसारख्या जाडीची रंधणारं मशीन) नव्हे. वाकलेली, पिळलेली फळी सँडरमधून कितीही वेळा काढली तरी ती वाकडीच बाहेर येते. दाबाचे रोलर तिला क्षणभर सपाट दाबतात आणि सोडल्यावर ती पुन्हा पिळते. आधी फळी सपाट करणारा सरफेस प्लेनर, मग थिकनेसर, जाडीत फार तर पाऊण मिमी ठेवून मग सँडर. ज्या शेडमध्ये सरफेस प्लेनरच नाही, तिथे पहिला खर्च त्यावर व्हावा.

ड्रम सँडर: लहान मशीन, पण हात सांभाळून

ड्रमवर ३ किंवा ६ इंच पट्टीचा पेपर तिरका गुंडाळलेला असतो. मोटार दीड-दोन एचपीची, सिंगल फेजवर चालते. गावात थ्री फेज नसेल तर हाच याचा मोठा फायदा. पण एवढ्याशा मोटारकडून किती काम घ्यायचं ते ठरलेलं आहे: ८० नंबरला एका फेरीत फार तर ०.३ ते ०.४ मिमी, १२० ला ०.१५ ते ०.२. बऱ्याच मशीनवर हँडलचा एक पूर्ण फेरा १.६ मिमी असतो, म्हणजे पाव फेरा ही ८० नंबरची कमाल मर्यादा. मिस्त्रींना घाई झाली की अर्धा फेरा उतरवतात. मग पट्टी तापते, ताणते, सैल होते, एक वेढा दुसऱ्यावर चढतो आणि फळीवर काळी जळकी रेघ उमटते. ती रेघ काढायला पुन्हा अर्धा मिमी लाकूड घालवावं लागतं.

पट्टी बसवताना दोन वेढ्यांमध्ये मिलिमीटरभर फट राहिली तर चालते, एकावर एक चढलेली अजिबात चालत नाही. नवी पट्टी पाच-सात मिनिटं चालवून मशीन बंद करा आणि पुन्हा ताणून घ्या. गरम झाल्यावर ती हमखास वाढते. फळी सरळ न घालता थोडी तिरकी घातली तर पट्टीच्या एकाच भागावर ताण येत नाही आणि चिकाची रेघ धरत नाही.

उघड्या टोकाच्या ड्रमची खरी अडचण म्हणजे त्याची समांतरता. एकाच जाडीच्या दोन पट्ट्या घ्या, एक आतल्या टोकाला, एक बाहेरच्या टोकाला, एकाच सेटिंगवर काढा आणि व्हर्नियरने मोजा. फरक ०.१ मिमीच्या आत हवा. मात्र ड्रमपेक्षा रुंद काम फिरवून काढायचं असेल तर बाहेरचं टोक कागदाच्या जाडीएवढं वर ठेवा. ते खाली राहिलं तर मधोमध पायरी पडते आणि पॉलिश केल्यावर उजेडात ती लगेच दिसते.

याच्या बाजूने आणखी एक गोष्ट. लहान तुकडे. दाबाचे रोलर जवळजवळ असल्यामुळे तीन इंचाच्या आसपासचा तुकडाही लहान ड्रम सँडर धरतो. मोठ्या वाइड बेल्टला साधारण फूटभर लांबी लागते, मशीननुसार थोडी कमी-जास्त. त्याहून आखूड तुकडा दोन रोलरांच्या मध्ये सुटतो आणि मागे गोळीसारखा येतो. म्हणून वाइड बेल्ट घेतल्यावरही जुना लहान ड्रम विकू नका, पाटाचे पाय आणि चौकटींचे तुकडे त्यावरच काढा.

वाइड बेल्टमध्ये हेड कोणतं ते आधी विचारा

विक्रेता पन्हा आणि एचपी सांगतो. तुम्ही हेड विचारा. कडक रोलर, म्हणजे स्टीलचा किंवा शोअर (रबराच्या कडकपणाचं माप) ७०-९० च्या रबराचा, जाडी एकसारखी करतो. मऊ रबराचा, ३०-४५ शोअरचा, फिनिशिंग चांगलं देतो पण उंचवटे तसेच ठेवून त्यांच्यावरून घसरतो. तिसरा प्रकार पॅडचा: बेल्टच्या मागे ग्राफाइट कापड लावलेली सपाट पट्टी. ती जास्त लांबीवर टेकते, त्यामुळे ओरखडे सौम्य होतात.

भरीव लाकडाचं काम करणाऱ्या शेडला एकाच हेडमध्ये रोलर आणि पॅड दोन्ही असलेलं मशीन सगळ्यात उपयोगाचं. ८० ला पॅड वर उचलून ठेवायचा, १५०-१८० ला खाली आणायचा. दोन हेड परवडत असतील तर पहिलं कडक रोलरचं, दुसरं पॅडचं. दोन्ही हेडवर मऊ रोलर असलेलं मशीन स्वस्तात मिळालं तरी दरवाज्याच्या कामाला घेऊ नका.

विनियरचा विषय वेगळा. बाजारातलं विनियर बहुतेक अर्धा मिमी किंवा त्याहून पातळ असतं. ८० नंबरचा एक दाणाच सरासरी ०.२ मिमी, १२० चा सव्वाशे मायक्रॉन, १८० चा ८० मायक्रॉनच्या आसपास. त्यात प्लायच्या जाडीत जागोजागी ०.३ मिमी फरक असला तर साधा रोलर उंच जागी विनियर फाडून खालचं लाकूड दाखवतो. विनियरला १५० पासून सुरुवात, तीही पॅडवर. काम नियमित असेल तर तुकड्यातुकड्यांचा, जागेप्रमाणे दाब देणारा पॅड असलेलं मशीनच लागतं. तेवढा पैसा नसेल तर विनियर हाती, ऑर्बिटल सँडरने (गोलगोल हलणाऱ्या हातमशीनने) घासा. त्यात कमीपणा काही नाही.

पट्ट्यापट्ट्यांच्या दरवाज्यात आणखी एक गाठ आहे. वाइड बेल्ट असो की ड्रम, ओरखडे सरळ रेषेत पडतात. उभ्या पट्टीवर ते लाकडाच्या रेषांच्या दिशेने, म्हणून लपतात. आडव्या पट्टीवर तेच रेषांना आडवे जातात आणि पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशखाली उठून दिसतात. कुठलंही मशीन घेतलं तरी शेवटी १८० नंबरचा ऑर्बिटल हात मारावाच लागतो. जो विक्रेता “मशीनमधून काढला की थेट पॉलिश” म्हणतो, त्याला पट्ट्यांचा दरवाजा घालून दाखवायला सांगा.

वीज, हवा, भुसा, जमीन

मशीन परवडणं आणि मशीन चालवणं यांत इथे मोठं अंतर आहे, आणि ते खरेदीनंतर कळून उपयोग नाही.

हजार मिमी पन्ह्याच्या एका हेडला २० एचपी धरा. फीडला दीड, धूळ ओढायच्या पंख्याला साडेसात, कंप्रेसरला ३. बेरीज ३२ एचपी, म्हणजे जवळपास २४ किलोवॅट. थिकनेसर आणि करवत अजून यात नाहीत. महावितरणच्या लघुदाब औद्योगिक जोडणीत २० किलोवॅटच्या आत आणि वर असे वेगळे गट आहेत आणि वरच्या गटात बिलाची रचनाच बदलते. म्हणून मशीनचा बयाणा देण्याआधी भारवाढीचा अर्ज, केबल आणि नव्या गटाचं बिल यांचा हिशोब कार्यालयातून करून घ्या. चारशे पंधरा व्होल्टवर एचपीमागे साधारण १.४ अँपिअर, म्हणजे एकट्या २० एचपीला २८. मोटार थेट चालू केली तर सुरुवातीला त्याच्या सहा-सातपट. हा सुरुवातीचा झटका कमी करणारा स्टार-डेल्टा स्टार्टर हवाच.

व्होल्टेज मोजल्याशिवाय मोटार ठरवू नका. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात काय किंवा तापीकाठच्या रब्बीच्या गावांत काय, जिथे शेतीपंप आणि शेड एकाच लाइनवर आहेत तिथे पंप सुरू झाले की ४१५ चे ३६० होऊ शकतात. मोटारचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो: ३६० वर तो पाऊणच उरतो. तेवढाच कट घेतला की मोटार जास्त अँपिअर ओढते, तापते, ओव्हरलोड पडतो आणि बेल्ट लाकडावर उभा राहून जळतो. आठवडाभर, पंपांच्या वेळेत, मल्टीमीटरने तिन्ही फेज मोजून लिहून ठेवा. ३८० च्या खाली वारंवार जात असेल तर एक माप मोठी मोटार घ्या किंवा सँडिंगची वेळ बदला.

मोटारवरची तापमानाची पाटीही वाचा. बऱ्याच मोटारी भोवतालचे ४० अंश धरून बनवलेल्या असतात. जळगाव-भुसावळला मे महिन्यात सावलीतच ४४-४५ होतात, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. ५० अंशांची मोटार मागितली तर मिळते. नाहीतर एप्रिल-मेमध्ये सँडिंग सकाळी अकराच्या आत उरका.

वाइड बेल्टचा ताण आणि डावी-उजवी डोलणी हवेवर चालते. ५.५ ते ६ बार स्थिर दाब लागतो. हवेत पाणी असेल तर डोलवणारे वॉल्व्ह अडकतात, बेल्ट एका बाजूला सरकतो, कडेचा स्विच लागतो आणि मशीन ब्रेक मारून थांबतं. पावसाळ्यात टाकीतलं पाणी रोज सोडा, फिल्टरची वाटी रोज बघा. बेल्ट सरकण्याच्या बहुतेक तक्रारी इथेच मिटतात.

भुशाची लाइन स्वस्तात उरकू नका. सँडरचा भुसा रंध्याच्या ढलप्यांसारखा नसतो, मैद्यासारखा असतो. तो पाइपात बसू नये म्हणून हवा सेकंदाला २५ मीटर हवी. त्या वेगाला ४ इंची पाइपातून तासाला सुमारे ७०० घनमीटर, ६ इंचीतून १६०० आणि ८ इंचीतून २८०० घनमीटर हवा जाते. लहान ड्रमला एक ४ इंची तोंड पुरतं. वाइड बेल्टला बहुधा ६ इंचाची दोन तोंडं, म्हणजे ३२०० घनमीटर, आणि मुख्य लाइन ८ इंची. पंख्यावर लिहिलेला आकडा पाइप न जोडता मोजलेला असतो. फिल्टर आणि वळणांमुळे प्रत्यक्षात बराच कमी मिळतो. म्हणून गरजेच्या दीडपट पंखा घ्या. हवा कमी पडली की भुसा बेल्टवरच राहतो, दाणे भरतात आणि चांगला बेल्ट निम्म्यात फेकावा लागतो.

पाइप पत्र्याचे घ्या आणि अर्थिंग करा. उन्हाळ्यात हवा एवढी कोरडी असते की पीव्हीसी पाइपात वीज साठून हाताला झटके बसतात, आणि बारीक भुशाजवळ ठिणगी नको. भुशाची टाकी शेडबाहेर ठेवा, रोज संध्याकाळी रिकामी करा. वेल्डिंग किंवा ग्राइंडरची धूळ या लाइनला कधीही जोडू नका. लाकडाच्या धुळीला कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलेलं आहे. सागाच्या धुळीने कातडीला खाज आणि पुरळ येणं तर अनेक कारागिरांना माहीत आहे. धूळ ओढणारा कलेक्टर चालू असला तरी एन-९५ मास्क द्या. तोंडाला गुंडाळलेला रुमाल मैद्यासारखी धूळ अडवत नाही.

जमीन राहिली. वाइड बेल्टचं वजन साधारण दीड ते अडीच टन. काळ्या कपाशीच्या जमिनीवर थेट कोबा घातला असेल तर पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि मशीनचा एक पाय वर-खाली होतो. फीडचा पट्टा पिळतो, एका बाजूला जाडी वाढते. मशीनखालची काळी माती काढून, मुरूम थराथराने दाबून वर सळयांचा काँक्रीट बेड घाला. पहिल्या पावसाळ्यानंतर लेव्हल पुन्हा तपासा.

जुनं सागवान

खान्देशात धाब्याची (मातीच्या सपाट छताची) घरं पडतात आणि त्यांच्या तुळया, खांब, कडीपाट विकायला येतात. लाकूड उत्तम, पण सँडरसाठी धोक्याचं. त्यात मोडलेले खिळे असतात, भेगांमध्ये धाब्याची माती अडकलेली असते. एक खिळा वाइड बेल्टला आरपार फाडतो, वर ठिणगी भुशाच्या पाइपात जाते. हातातलं मेटल डिटेक्टर घ्या आणि प्रत्येक फळी दोन्ही बाजूंनी तपासा. तारेच्या ब्रशने माती काढा, वरचा अर्धा सेंटिमीटर करवतीने उडवा आणि मगच थिकनेसर, मगच सँडर. अशा कामाचं प्रमाण निम्म्याहून जास्त असेल तर ड्रम सँडरकडे झुका. पट्टी फाटली तर नुकसान छोटं असतं.

साग मुळात तेलकट आणि त्यात सिलिका, म्हणून पेपर भरतोही आणि बोथटही होतो. विरळ दाण्याचे, स्टिअरेट (भुसा चिकटू न देणारा लेप) लावलेले बेल्ट मागा. भरलेला बेल्ट रबराच्या क्लीनिंग स्टिकने चालू मशीनवर साफ करता येतो, बऱ्यापैकी आयुष्य वाढतं. बाभूळ कठीण, तिला दाण्याची धार ताजी लागते आणि कट कमी ठेवावा लागतो. आंब्याला लव उठते. १२० वर ओल्या फडक्याने पुसून, वाळवून मग १५० घाला.

गोंद लावून जोडलेली फळी किमान एक दिवस तशीच राहू द्या. गोंदातल्या पाण्याने जोडाजवळ लाकूड फुगलेलं असतं; तेव्हाच सपाट केलं तर वाळल्यावर जोडावर खाच पडते. बाहेर आलेला गोंद पटाशीने खरवडा, तो बेल्टवर वितळून चिकटतो.

बेल्ट साठवण्यालाही जागा लागते. घडी घालून ठेवलेल्या बेल्टची सुरकुती प्रत्येक फेरीत फळीवर उमटते. ४ इंचाहून जाड पाइपावर टांगा, भिंतीला लावू नका. पावसाळ्यात कागदी पाठीचा बेल्ट ओल धरून लाटांसारखा होतो. वापराच्या आदल्या दिवशी मशीनच्या खोलीत टांगून ठेवा. बेल्टच्या आतला बाण बघूनच चढवा, उलटा लावला तर जोड सुटतो.

खरेदीच्या दिवशी

स्वतःचं लाकूड घेऊन जा. एकाच जाडीच्या तीन पट्ट्या डावीकडे, मध्ये, उजवीकडे घाला. वाइड बेल्टवर तिघींत ०.१ मिमीहून जास्त फरक असू नये. मग रुंद फळी १५० वर काढून खिडकीकडे धरा आणि तिरपी नजर टाका. आडव्या बारीक लाटा दिसल्या तर दोन लाटांमधलं अंतर मोजा. बेल्टचा वेग सेकंदाला १८ मीटर, फीड मिनिटाला ६ मीटर आणि बेल्टची लांबी १९०० मिमी असेल तर दहा-साडेदहा मिमीवर येणारी लाट बेल्टच्या जोडाची. बेल्ट बदला, ती जाईल. साधारण साडेतीन मिमीवर येणारी लाट २०० मिमी व्यासाच्या रोलरची: तो गोल राहिलेला नाही किंवा बेअरिंग गेलं आहे. हा खर्च मोठा. जुनं मशीन असेल तर इथेच भाव तोडा किंवा परत या.

जुन्या मशीनमध्ये रोलरचं रबर नखाने दाबा. कडक, भेगाळलेलं असेल तर रबर बदलणं ठरलेलं. फीडचा पट्टा काचेसारखा गुळगुळीत झाला असेल तर फळी घसरते. इमर्जन्सी बटन दाबून बेल्ट किती सेकंदांत थांबतो ते बघा. आणि बेल्टचं माप लिहून घ्या. त्या लांबी-रुंदीचा बेल्ट जळगाव, धुळे, नाशिक किंवा सुरतेच्या दुकानात तयार मिळतो का, हे पैसे देण्याआधी फोनवर विचारा. विचित्र मापाचं परदेशी मशीन स्वस्त मिळतं ते बहुतेक यामुळेच. प्रत्येक बेल्ट मुद्दाम बनवून घ्यावा लागतो आणि तोवर मशीन उभं राहतं. पहिल्या खरेदीत ८०, १२०, १५० आणि १८० चे प्रत्येकी तीन बेल्ट, मेटल डिटेक्टर आणि क्लीनिंग स्टिक मशीनच्याच बिलात घालून घ्या.